आमच्या चढासाठी गाडी घेऊ नकोस

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही गाड्यांचे फोटो बघितले. छोटी एसयूव्ही घ्यायचं तुमचं जवळजवळ ठरलंय, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. कारण विचारलं तर म्हणालीस, "आई, आपल्या घराचा चढ बघ ना, तिथे सेडान कशी येणार?" हे वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून बसून लिहिते आहे. फोनवर हा विषय दोन मिनिटांत आटोपतो आणि मग कर्जाचे हप्ते पुढची कितीतरी वर्षं चालू राहतात.

सरळच सांगते. आमच्या चढासाठी गाडी घेऊ नकोस. मी स्वतः इथे उंच गाडी, म्हणजे एसयूव्ही, चालवते आणि तुला मात्र सेडान, म्हणजे वेगळ्या डिकीची बुटकी गाडी, घे म्हणते आहे. दोन्ही गोष्टी विचार करून सांगते आहे. पांढरी सेडान तू कॉलेजला असल्यापासून आपल्याकडे आहे, उंच गाडी नंतर आली, आणि आजही चिपळूणला जायचं झालं की कुठली काढायची ते मी कोण बरोबर आहे आणि कुठून जायचंय ते बघून ठरवते. त्यामुळे दोघींचेही गुणदोष मला हाताला माहीत आहेत.

आधी उंच गाडीच्या बाजूने जे आहे ते सांगते, कारण ते खरं आहे. ती घेतली ती आजींसाठी. सेडानमध्ये बसायचं म्हणजे आधी खाली वाकायचं आणि बाहेर यायचं म्हणजे पूर्ण शरीर वर उचलायचं. आजी एका हाताने दाराची चौकट धरायच्या, दुसरा हात माझ्या खांद्यावर, आणि उठताना त्यांच्या तोंडातून जो आवाज निघायचा तो ऐकवत नसे. उंच गाडीची सीट त्यांच्या कमरेच्या पातळीला येते. नुसतं टेकायचं, वळायचं आणि एकेक पाय आत घ्यायचा. त्या एका गोष्टीसाठी मी ती गाडी पुन्हा घेईन.

दुसरा आपला चढ. तू बघितला आहेसच, पण गेल्या दोन पावसाळ्यांत त्याची आणखी दैना झाली. जांभ्याचे चिरे दोन्ही चाकोऱ्यांत टिकून आहेत, पण चाकांनी ते झिजलेत आणि मधला कातळ तसाच वर राहिलाय. सेडानचं पोट तिथे घासतं. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाचं जमिनीपासूनचं अंतर, होंडा सिटी या सेडानचं १६५ मिलिमीटर, तर मारुती ब्रेझा या छोट्या एसयूव्हीचं १९८ आणि टाटा नेक्सॉनचं २०८. म्हणजे फरक तीन-चार सेंटिमीटरांचा, तुझी दोन बोटं आडवी धरलीस तर तेवढा. कागदावर किरकोळ दिसतो, पण चढावर ती दोन बोटंच सगळं ठरवतात. शिवाय जाहिरातीतला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडी मागून बसते आणि त्यातलं बरंच निघून जातं.

तिसरी फेरीबोट. पुण्याहून तुम्ही ताम्हिणीमार्गे माणगाव, मंडणगड, दापोली करत आलात की दाभोळला बोटीत गाडी घालून धोपाव्याला उतरता. जावईबापू हौसेने तोच रस्ता धरतात, म्हणून हे नीट लिहिते. भरती असली की बोट वरच लागते, उतार थोडा आणि कोरडा. ओहोटीला बोट पार खाली लागते, जेट्टीचा उतार लांब, ओला आणि शेवाळलेला असतो, आणि जिथे तो संपून बोटीचं लोखंडी फळकं वर चढायला लागतं तिथे एक कोन तयार होतो. सेडानचं नाक त्या कोनात टेकतं. लांब गाडीचं नाक सुटलं तर मग पोट अडकतं. त्यावर उपाय आहे. माणसं आधी खाली उतरवायची, गाडी किंचित तिरकी घ्यायची, म्हणजे दोन्ही चाकं एकदम न चढता एक पुढे, एक मागे चढतं. पहिला गिअर, अर्धा क्लच, आणि बोटीवरचा माणूस हात दाखवेल तिकडेच बघायचं. उंच गाडीला यातलं काहीही लागत नाही, ती सरळ चढते. पण तिरकी घालायची सवय झाली की सेडानही बिनबोभाट चढते, मी कितीतरी वेळा चढवली आहे.

आता तुझा हिशोब कर. तू राहतेस बाणेरला. रोजचं ऑफिस, छोटीची शाळा, महिन्यातून एखाद-दोनदा एक्स्प्रेसवेने सासरी डोंबिवली. इथे येणं गणपती, शिमगा आणि मे महिना, मध्येच एखादा सलग सुट्टीचा शनिवार-रविवार. आणि इथे येतानासुद्धा पुण्यापासून आपल्या फाट्यापर्यंतचा सगळा रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा आहे, फक्त शेवटचा तुकडा तेवढा वाईट. त्या तुकड्यासाठी बाकीचे सगळे किलोमीटर तू वेगळ्या गाडीत का काढायचे? खाली फाट्याजवळ काकांच्या वाडीत पांढरी उभी असते, तिच्या शेजारी अजून एक गाडी आरामात मावते. तुम्ही तिथे लावा, बाबा उंच गाडी घेऊन खाली येतील. सामान, छोटी, सगळे वर.

आता घाटाचं. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. तुला लहानपणी गाडी लागायची. कोयनानगर मागे पडलं की तुझा चेहरा उतरायचा, कुंभार्ली घाटाच्या पहिल्या दोन-तीन वळणांत तू गप्प व्हायचीस आणि मग मी आलेपाकाची वडी आणि पिशवी एकदमच बाहेर काढायचे. छोटीचंही तेच आहे, दिवाळीत बघितलं मी. आता उंच गाडी वळणावर झुकते, कारण तिचं वजन जमिनीपासून वर आहे. डोक्यावर हंडा घेतलेली बाई कोपऱ्यावर वळताना जशी आधी एका अंगाला कलते आणि मग सावरते, तसं. चालवणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण त्याच्या हातात स्टिअरिंग असतं आणि वळण कुठे आहे ते त्याला आधी दिसतं. मागे बसलेल्या पोराला मात्र प्रत्येक वळणाला एक हेलकावा आणि सुटताना उलट बाजूला दुसरा. घाटातली वळणं मोज आणि त्याच्या दुप्पट कर. सेडान त्याच वळणावर, त्याच वेगाला, कमी कलते. पांढरीत आजी घाट उतरेपर्यंत झोपलेल्या असायच्या.

याला एक दुसरी बाजू आहे. उंच गाडीच्या मागच्या खिडकीतून पोरांना बाहेरचं जास्त दिसतं, आणि लांबवर नजर असली की गाडी कमी लागते. सेडानमध्ये छोटीच्या सीटला थोडी उंची दे, तिला खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे. तेवढं केलंस तर सेडानच जास्त मानवेल तिला.

महामार्गावरही हेच. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे. त्या वेगाला बाजूने मोठा कंटेनर गेला की उंच गाडीला वाऱ्याचा धक्का बसतो आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागतं. सेडानमध्ये तो धक्का जवळजवळ कळत नाही. उंच गाडी वारा जास्त अडवते, म्हणून त्या वेगाला पेट्रोलही जास्त पिते. शहरात पन्नासच्या आत दोघींत फारसा फरक पडत नाही, महामार्गावर पडतो. आता कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा टप्पाही सरळ झालाय. पूर्वी कोकणात यायचं म्हणजे खड्डे आणि घाट, म्हणून लोक उंच गाड्या घ्यायचे. महामार्गाचं चौपदरीकरण रखडत का होईना पुढे सरकलं आहे, आणि दरवर्षी सेडानच्या सोयीचा रस्ता वाढतो आहे.

मागच्या सीटचं बघ. तुमच्याकडे मागे कोण बसणार? छोटीची सीट, तिच्या शेजारी सासूबाई, कधी सासरे. छोट्या एसयूव्ही सगळ्या ३९९५ मिलिमीटरच्या आसपास अडकलेल्या का असतात माहीत आहे? २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून कंपन्या गाडी त्या रेषेच्या आत कापून बसवतात. कापलेलं कुठून जातं, तर मागच्या माणसाच्या पायातून आणि डिकीतून. नेक्सॉनच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४९८ मिलिमीटर, ब्रेझाचं २५००. स्लाव्हिया आणि व्हर्टस या सेडानचं २६५१, व्हर्ना सेडानचं २६७०. त्या दीडशे मिलिमीटरमधलं बरंचसं गुडघ्यापुढे मिळतं. डोक्यावर मात्र उंच गाडीत जागा जास्त, जावईबापू सहा फूट आहेत, त्यांना मागेही बसवून बघ.

डिकीबद्दल तर मी पानं भरून लिहीन. व्हर्नाची ५२८ लिटर, स्लाव्हिया-व्हर्टसची ५२१, सिटीची ५०६. नेक्सॉनची ३८२, ब्रेझाची ३२८. मे महिन्यात परत जाताना तुझ्याबरोबर काय काय जातं ते आठव. हापूसच्या पेट्या, फणस, कोकम, आगळाच्या बाटल्या, तांदळाचं पीठ, आणि सासूबाईंना आवडतात म्हणून सुके बोंबील नि सुकट. सेडानची डिकी गाडीपासून वेगळी, मध्ये सीटची भिंत. बोंबील कितीही घट्ट बांधले तरी उन्हात वास सुटतोच, पण तो तिथेच राहतो. उंच गाडीत डिकी आणि माणसं एकाच खोलीत. एकदा वाशिष्ठीच्या पुलापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, एसी चालू, आणि मागून सुकटीचा वास पुढच्या काचेपर्यंत आला. तुझ्या आत्याने काचा खाली करायला लावल्या आणि मग बाहेरची धूळ आत. गाडी लागणारं पोर मागे असताना हा प्रकार नको.

आंब्याचं उलटं आहे. सेडानच्या बंद डिकीत एसी पोचत नाही, मेच्या उन्हात ती तापते आणि पिकायला आलेला आंबा पुण्याला पोचेपर्यंत उकडल्यासारखा होतो. म्हणून सेडानमध्ये पेट्या कच्च्याच न्यायच्या, पहाटे निघायचं. अजून एक. सेडानच्या डिकीचं झाकण ज्या वाकड्या लोखंडी दांड्यांवर उघडतं ना, त्या झाकण लावताना आत येतात. पेट्यांची वरची ओळ कडेला ठेवलीस तर दांडी फळीवर बसते आणि झाकण लागत नाही. जोर लावलास तर पेटीची पट्टी मोडून खालचे आंबे चेपतात. मधोमध ठेव, कडेला पिशव्या. आणि उंच वस्तू असेल, पाळणा म्हण, छोटा फ्रिज म्हण, तर सेडानचं तोंडच लहान, तिथे ती हरते. गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायला आम्हीही उंच गाडीच नेतो. मागची सीट पाडली की पाट सपाट बसतो आणि कुणीतरी शेजारी हात धरून बसतं.

पैशाचा भाग थोडक्यात, कारण त्यात तुम्ही दोघं माझ्याहून हुशार आहात. इथे सेडान हरते, हे मान्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनची गाडी १८ टक्के जीएसटीत येते, बाकी सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० टक्क्यांत. आधी अशा गाड्यांत हा फरक साधारण २९ आणि ४५ चा होता, आता तो आणखी रुंदावला. म्हणून नेक्सॉनसारखी गाडी पैशाच्या मानाने खूप काही देते. पण छोटी एसयूव्ही म्हणजे स्वस्त कर असं धरून चालू नकोस. ब्रेझा लांबीने चार मीटरच्या आत असली तरी इंजिन १४६२ सीसीचं आहे, त्यामुळे ती ४० मध्येच जाते. टायरचा भावही विचारून ठेव. या उंच गाड्यांना बहुतेक २१५ रुंदीचे टायर येतात, चारही बदलायची वेळ आली की बिल बघून दचकायला होतं.

उंच गाडी सुरक्षित असते, हा समज डोक्यातून काढ. सुरक्षितता उंचीत नसते, बांधणीत असते. नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या टक्कर-चाचणीत पाच तारे आहेत, तसेच व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्नालाही आहेत. २०२३ पासून आपल्याकडे तशीच भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे, कुठलीही गाडी घेतलीस तरी तिचा निकाल आधी बघ, आणि मोठ्यांचे तारे बघून थांबू नकोस, मुलांचे वेगळे दिलेले असतात ते वाच. छोटीची सीट पक्की अडकवायचे आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत ते शोरूममध्ये स्वतः हात घालून बघ. मागच्या मधल्या माणसाला तीन टोकांचा पट्टा आहे का, तेही.

पाण्याबद्दलही तसंच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा उंच गाडी, बुटकी गाडी असा भेद त्याने केला नाही. रस्त्यावर पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर कुठल्याही गाडीने थांबायचं. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. टो करून न्यायची. विमा घेताना इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीचा जोडविमा, वेगळा मागून घे, साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. हे जावईबापूंनाही वाचून दाखव.

इथला खारा वारा दोघींनाही सारखाच खातो. आमच्याकडून गेल्यावर आठवड्याच्या आत गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घे, नुसती वरून नको. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती पालापाचोळ्याने बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून सडतो. पांढरीच्या डिकीचं रबर एका पावसाळ्यात सुटलं होतं, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठून राहिलं आणि कितीतरी दिवस कुबट वास कशाचा ते कळेना. तेव्हापासून मी पावसाळ्यात स्टेपनीखालचं बघतेच. आणि आंब्याखाली गाडी लावू नका, चीक रंगावर पडून वाळला की डाग जात नाही.

एक चौकशी सोसायटीत कर. तुमच्याकडे वर-खाली लावायचं मेकॅनिकल पार्किंग आहे. त्याच्या काही कप्प्यांना उंचीची मर्यादा असते, तर लांब सेडानला कधी लांबीची अडचण येते. ब्रेझा १६८५ मिलिमीटर उंच आहे, सिटी दीड हजाराच्या आत. सेक्रेटरींकडून दोन्ही मापं लिहून घे, मगच बुकिंगचे पैसे भर.

शनिवारी टेस्ट ड्राइव्हला जाशील तेव्हा दोन्ही जातीची गाडी एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालव. शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, तेवढ्यावर भागवू नकोस. पाषाणकडून चांदणी चौकात वर ये, तिथली वळणं घे, स्पीड ब्रेकर घे. अर्धा वेळ तू मागे बस आणि जावईबापूंना चालवू दे, कारण छोटी तिथेच बसणार आहे. आणि सासूबाईंना घेऊन जा. त्यांना सेडानमध्ये बसवून दोनदा उतरायला सांग, हात न देता. त्या सहज उठल्या तर सेडान घ्या. दाराला धरून उठावं लागलं, तर माझी डिकी, माझा घाट सगळं बाजूला ठेव आणि उंच गाडी घे, मी त्याला एका शब्दाने नाही म्हणणार नाही. त्या काय म्हणाल्या ते मला जसंच्या तसं कळव.

बाबा आणि आजींचे तुम्हां सर्वांना आशीर्वाद. छोटीला गोड पापा.

तुझी,
आई